परमुलुखांतील खेळाची चाकरी

गेल्या वर्षीं नागपंचमीच्या सुमारास आम्ही बत्तीस शिराळ्यास एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस मुक्कामाला होतों. शिराळा म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें नाग उभा राहतो. पण समर्थांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकींही एक त्याच गांवीं आहे, आणि मारुती आहे तेथें तालीम असावयाचीच. पूर्वीं हा मुलूख सातारा जिल्ह्यांत मोडे. १९४९ सालीं तो दक्षिण साताऱ्यांत गेला आणि १९६० सालीं त्या जिल्ह्याचें नांव सांगली झालें. जिल्ह्याचीं नांवें बदललीं, तरी इकडच्या लोकांचें बळाच्या खेळांवरचें प्रेम मात्र तेंच राहिलें.

ज्या घरीं आम्ही उतरलों होतों तेथें तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात. आजोबांनीं चाळीस वर्षें वकिली केली. त्यांचा नातू अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून कॉलेजच्या बास्केटबॉल संघांत खेळतो. परीक्षेनंतर नोकरी कोठें पाहणार, असें आम्हीं पंगतींत सहज विचारलें, तेव्हां तो पानावरून मान वर न करितां म्हणाला, "काका, परदेशांतल्या एकाद्या क्लबाकडून पगारावर खेळावें असा विचार आहे." वाढणाऱ्या काकूंचा हात वरणाच्या भांड्यांत तसाच राहिला.

आजोबा म्हणाले, "म्हणजे यात्रेंतल्या पैलवानासारखें इनामावर गांवोगांव फिरावयाचें?"

"पैलवानाला निदान गांव ओळखतें, आजोबा. मला तेथें कोणी ओळखणार नाहीं, हें मला ठाऊक आहे," असें नातवानें उत्तर दिलें. उत्तर उद्धट नव्हतें. मुलानें विचार केलेला दिसला, म्हणून जेवणानंतर आम्हीं त्यास ओटीवर बसवून सर्व हकीकत विचारली.

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, हिवाळ्यांत बंद खोलींत मुलांस कांहीं व्यायाम व्हावा म्हणून काढला, हें पुष्कळांस माहीत असेल. त्यांत गार्ड म्हणून जो गडी असतो तो बहुधा संघांतला बुटका. चेंडू आपल्या बाजूनें पुढें आणावयाचा, कोणास केव्हां द्यावयाचा तें क्षणांत ठरवावयाचें, आणि स्वतः टोपली साधण्यापेक्षां दुसऱ्याकडून साधून घ्यावयाची, हें त्याचें काम. एकत्र कुटुंबांतल्या थोरल्या सुनेसारखें हें पद आहे, असें आमच्या मनांत आलें. पण ओटीवर काकूही होत्या, म्हणून बोललों नाहीं.

अमेरिकेच्या सर्वश्रेष्ठ स्पर्धेंत, जिला एनबीए म्हणतात, तीस संघ आणि जेमतेम साडेचारशें जागा. कॉलेजांतून दर वर्षीं तयार होणारे खेळाडू त्याच्या कितीतरी पट. मग उरलेल्यांतले पुष्कळ तुर्कस्तान, पोलंड, इस्रायल, जपान, फिलिपाईन्स, ऑस्ट्रेलिया असे पांगतात. परकीय खेळाडू किती ठेवावयाचे यावर बहुतेक ठिकाणीं मर्यादा असते, म्हणून जो ठेविला जातो त्याच्याकडून चौघांचें काम अपेक्षितात. करार एका हंगामाचा, कधीं त्याहूनही थोडा. राहावयास जागा बहुधा क्लबच देतो. संघ हरूं लागला कीं पहिली कुऱ्हाड परकीयावर. गुडघा दुखावला तर पुढच्या वर्षीं त्याचें नांव कोणी काढीत नाहीं. पंधरा वर्षांत आठ देश आणि दहा क्लब झालेले गार्ड आहेत. त्यांची नांवें त्या त्या गांवाबाहेर कोणास ठाऊक नसतात. आपल्या देशांतले अगदीं थोडे या वाटेला गेले. २०१७ सालीं वाराणसीचा गार्ड विशेष भृगुवंशी यास ऑस्ट्रेलियांतील ॲडलेडच्या क्लबानें करारावर घेतलें, त्याच वर्षीं अमृतपाल सिंग सिडनीकडे गेला. एरवीं आपल्याकडचा चांगला खेळाडू रेल्वे, ओ.एन.जी.सी. अशा ठिकाणीं कायमची नोकरी पत्करतो आणि त्या संघाकडून खेळतो. आजोबांचा ओढा अर्थातच रेल्वेकडे होता.

हें सर्व ऐकत असतांना आम्हांस एकसारखें वाटत होतें कीं ही कथा आपण पूर्वीं कोठें तरी ऐकली आहे. खेळ निराळा होता, पण चाकरी हीच. आणि ती करणाऱ्यांत एकजण तर याच जिल्ह्याच्या गांवीं जन्मलेला. विजय हजारे हे ११ मार्च १९१५ रोजीं सांगलींत जन्मले. त्यांचे वडील शिक्षक. जतच्या राजांनीं क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन गोलंदाजास आणविलें होतें, त्याचें मार्गदर्शन हजाऱ्यांस लाभलें, आणि पुढें बडोदें सरकारच्या पदरीं त्यांस नोकरी मिळाली. क्रिकेटपटूला त्या काळीं अन्न होतें तें असें संस्थानिकांच्या आश्रयानें. संस्थानें विलीन झालीं तेव्हां तो आश्रयही हळूहळू आटला. ॲडलेड येथें १९४८ च्या जानेवारींत एकाच कसोटींत ११६ आणि १४५ अशीं दोन शतकें काढणाऱ्या या गृहस्थांनीं पुढें कांहीं उन्हाळे इंग्लंडांत लँकेशायरच्या लीगमध्यें पगारी खेळाडू म्हणून काढले. कोल्हापुरांत जन्मलेले दत्तू फडकर हेही त्याच वाटेनें गेले.

ही लँकेशायर लीग काय चीज आहे तें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. इंग्लंडच्या वायव्येस कापडगिरण्यांचीं गांवें एकमेकांस खेटून आहेत. नेल्सन, कोल्न, हॅसलिंग्डन, रिश्टन, रॉटेनस्टॉल अशीं त्यांचीं नांवें. १८९२ सालीं त्यांच्या क्लबांनीं ही लीग स्थापिली. प्रत्येक संघांत दहा गडी गांवचे हौशी असावयाचे. कोणी विणकर, कोणी दुकानदार, कोणी शाळामास्तर. अकरावा तेवढा पगारी, आणि तो जगांतून कोठूनही आणावा. शनिवारीं दुपारीं गिरणी सुटली कीं सारा गांव मैदानावर. पगारी गड्यानें पन्नास धावा काढिल्या, किंवा गडी भराभर बाद केले, तर प्रेक्षकांत टोपी फिरे आणि चिल्लर पैशांनीं भरून त्याच्याकडे येई. शिवाय मधल्या दिवसांत गांवच्या पोरांस शिकविणें हेंही त्याच्याकडेच. हवा ओली, दिवस थंड, खेळपट्टी चिकट. आणि झेल सुटला तरी सोडणारा सोमवारीं आपल्या मागावर जाई, जाब मात्र पगारी गड्यास द्यावा लागे.

या लीगचा सर्वांत नामांकित पगारी खेळाडू म्हणजे त्रिनिदादचा लिअरी कॉन्स्टंटाईन. १९२९ पासून १९३७ पर्यंत तो नेल्सनचा होता आणि त्या नऊ वर्षांत नेल्सननें सात वेळां अजिंक्यपद मिळविलें. गुलामांचा हा वंशज त्या गांवीं आला तेव्हां रस्त्यांतून जातांना मुलें थांबून त्याच्याकडे पाहत. १९६९ सालीं तो लॉर्ड झाला तेव्हां त्यानें आपल्या पदवींत त्रिनिदादचें मारावल आणि त्याच्या जोडीला नेल्सन अशीं दोन्ही नांवें घेतलीं. आपल्या देशांतून प्रथम अमरसिंग कोल्नकडे गेला, १९३८ सालीं लाला अमरनाथ नेल्सनकडे.

आजोबा इतका वेळ पान जुळवीत बसले होते. करार हा शब्द निघतांच त्यांनीं विचारलें, "क्लबाचा करार आणि देशाचें बोलावणें एकदम आलें तर?"

वकिलानें बरोबर त्याच जागीं बोट ठेविलें होतें. १९५२ सालीं भारताचा संघ इंग्लंडला निघाला, कप्तान हजारे. विनू मांकड यांस हॅसलिंग्डनचें बोलावणें आलेलें होतें. संघांत माझी निवड नक्की आहे काय, तसें असेल तर हें बोलावणें नाकारतों, असें त्यांनीं बोर्डास विचारलें. बोर्डानें तसा शब्द देण्याचें नाकारलें. मांकडांनीं हॅसलिंग्डनचा करार केला. जूनमध्यें लीड्सच्या पहिल्या कसोटींत दुसऱ्या डावांत शून्य धावांवर भारताचे चार गडी बाद झाले, तेव्हां त्याच बोर्डानें मांकडांसाठीं क्लबाकडे धांव घेतली. क्लबानें त्यांस मोकळें केलें. लॉर्ड्सवर मांकडांनीं ७२ आणि १८४ धावा काढिल्या, मधल्या डावांत ७३ षटकें टाकून पांच गडी बाद केले. दुसऱ्या डावांत सांगलीचे हजारे आणि हॅसलिंग्डनहून मागून आणलेले मांकड यांनीं मिळून २११ धावांची भर घातली. सामना आठ गडी राखून इंग्लंडनेंच जिंकला. पण लोक त्यास मांकडांचा सामना म्हणूनच ओळखतात. मांकडांनीं पैशासाठीं देश सोडला असें तेव्हां कांहींजण म्हणाले. आमचें मत तसें नाहीं. ज्याला कुटुंब पोसावयाचें आहे त्यानें लेखी शब्द देणाऱ्याच्या दारीं जावें, यांत दोष असलाच तर शब्द न देणाऱ्याचा.

पण मुलाला खरी सांगावयाची होती ती सुभाष गुप्ते यांची गोष्ट. मुंबईंत १९२९ सालीं जन्मलेल्या या लेगब्रेक गोलंदाजानें १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यांत पांच कसोट्यांत २७ गडी बाद केले. १९५४ सालीं मुंबईकडून खेळतांना एका डावांतील दहाचे दहा गडी त्यांनीं घेतले. १९५८ सालीं कानपूरला सोबर्स व कन्हाय यांच्या संघाचे एका डावांत नऊ घेतले, तरी सामना आपणच हरलों. सोबर्स यांनीं आपण पाहिलेल्या लेगस्पिनरांत गुप्त्यांस पहिला मान दिला आहे. एवढ्या माणसालाही कसोटीच्या मानधनावर संसार करतां आला नसता. त्या दशकांत कांहीं उन्हाळे ते रिश्टनचे पगारी गोलंदाज होते. ज्याची गुगली जगांतल्या उत्तम फलंदाजांस कळत नसे, ती तेथें यष्टीमागच्या हौशी गड्यास तरी कशी कळणार? चेंडू फलंदाजाला चकवी आणि त्यालाही. तरी पुढच्या शनिवारीं पुन्हां तोच चेंडू टाकावयाचा.

त्रिनिदादच्या दौऱ्यांत त्यांची कॅरोल या तरुणीशीं ओळख झाली आणि पुढें विवाह झाला. मग १९६१ चा डिसेंबर आला. दिल्लीच्या कसोटीच्या वेळीं हॉटेलांतील त्यांच्या खोलीचे सोबती कृपालसिंग यांनीं तेथील एका कर्मचारी मुलीस दूरध्वनि करून भेटावयास बोलाविलें. तिनें तक्रार केली. मुलीनें तक्रार केली तें योग्यच. तिला त्रास झाला होता. पण दूरध्वनि गुप्त्यांनीं केला नव्हता. तरी दोघांवरही कारवाई झाली आणि वेस्ट इंडीजच्या पुढच्या दौऱ्यांतून गुप्त्यांस वगळलें. सोबत्याला अडविलें कां नाहीं, असा त्यांच्यावर ठपका होता. ३६ कसोट्या आणि १४९ बळी यांवर त्यांची देशासाठींची कारकीर्द तेथेंच थांबली, वय बत्तीस. ते पत्नीच्या बेटावर जाऊन कायमचे राहिले, साखरेच्या कंपनींत नोकरी केली, आणि ३१ मे २००२ रोजीं पोर्ट ऑफ स्पेन येथें वारले.

आमचें बोलणें संपलें तेव्हां ओटीवर कोणी कांहीं बोलेना. आम्हीं ही कथा मुलाला भिववण्यासाठीं सांगितली, असें काकूंस वाटलें असावें, त्या म्हणाल्या, "ऐकलेंस ना?" आमचा हेतु तो नव्हता. रिश्टननें गुप्त्यांस फसविलें नाहीं. ज्या गांवाशीं त्यांचें कांहीं नातें नव्हतें त्या गांवानें ठरलेला पगार दिला आणि शनिवारीं टोपी फिरविली. नातें जेथें होतें तेथें कागद नव्हता, म्हणून म्हणणें ऐकून घेण्याचें बंधनही कोणावर नव्हतें.

नातू म्हणाला, "काका, हजारे परत आले, गुप्ते आले नाहींत. यांत सुखी कोण झाला?"

या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें, तसें आम्हीं सांगितलें. हजारे बडोद्यास २००४ सालीं, आपल्या माणसांत वारले. त्यांच्या नांवाची स्पर्धा दर वर्षीं होते. गुप्त्यांस संसार मिळाला, तो परक्या बेटावर. पण ज्याच्या त्याच्या घरांत तो परकेपणा कितीसा उरतो हें बाहेरच्यानें कसें सांगावें? एवढें मात्र आम्हीं मुलास बजावलें कीं आधीं पदवीची परीक्षा दे. गार्डचे गुडघे पस्तिशीला थकतात. अभियंत्याचे थकले तरी चालतें.

आजोबांनीं अडकित्ता खालीं ठेविला. आतां ते रेल्वेचें नांव काढतील असें आम्हांस वाटलें होतें. ते नातवास म्हणाले, "त्या परदेशी क्लबांचा करार कसा असतो, नमुना आहे काय तुझ्याजवळ?"

मुलानें खिशांतला फोन काढून कसलासा इंग्रजी मसुदा पुढें धरला.

"यावर नाहीं वाचतां यायचें. कागदावर छापून आण. दुखापत झाली तर पगार चालू राहतो कीं नाहीं, आणि मधेंच काढून टाकलें तर परतीचें भाडें कोणी द्यावयाचें, तीं कलमें मला आधीं पाहूं दे." मग आंत वळून त्यांनीं काकूंस हांक मारली आणि चष्मा कोठें ठेविला आहे म्हणून विचारलें.