इंडक्शन शेगडीचा पंखा : मामुली पुर्जा, मोठे नुकसान

आमचा धंदा कापडाचा. सेनगाव तालुक्यातील आमच्या पुसेगावात दुकानात गिऱ्हाईक बसले की आधी चहा आणि मग थान उलगडायचे, ही वडिलांपासूनची रीत. पूर्वी मागच्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह असे. पण कापडाच्या ढिगाजवळ उघडी ज्योत नको म्हणून आम्ही इंडक्शन शेगडी घेतली. दीड वर्ष तिने बिनतक्रार काम केले. मग ऐन लग्नसराईत ती दोन-तीन मिनिटे चाले, टूंटूं आवाज करी आणि काचेवर कसला तरी आकडा दाखवून गप्प होई. थोड्या वेळाने पुन्हा चालू करावी, तर पुन्हा तेच.

एका दुरुस्तीवाल्याने वरूनच बघून सांगितले, "सेठ, बोर्ड गेला. नवा टाकावा लागेल, नाहीतर नवी शेगडीच घ्या." आम्ही नवी घ्यायला निघालोही होतो. तेवढ्यात मोटार वाइंडिंगचे काम करणारा आमचा भाचा दुकानात आला. त्याने शेगडीला कान लावला आणि म्हणाला, "मामू, आत पंखाच फिरत नाही. शेगडी बिघडली नाही, ती स्वतःला वाचवते आहे." खोलून पाहिले तर पंख्याच्या पात्यांना सुताच्या बारीक तंतूंचा गुंता बसलेला, उशीतल्या कापसासारखा. आमच्याच मालाने आमची शेगडी बंद पाडली होती. हा तजुर्बा आमच्यासारख्या दुकानदारांच्या आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहोत.

पंख्याचे काम काय?

या शेगडीत ज्योत नाही आणि लाल होणारी तारही नाही. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो आणि भांड्याचे बूडच तापते. हा प्रवाह चालू-बंद करणारा पुर्जा म्हणजे आयजीबीटी. तो ॲल्युमिनियमच्या खाचांच्या ठोकळ्यावर बसवलेला असतो, त्याला मेकॅनिक हीट सिंक म्हणतात. शेगडी २००० वॅट घेत असेल, तर त्यातला दहा-पंधरा टक्के भाग भांड्यात न जाता बहुतांशी आतच उष्णता होऊन राहतो. म्हणजे बंद डब्यात शंभर वॅटचे दोन-तीन जुने दिवे जळत ठेवल्यासारखे झाले. ही उष्णता बाहेर काढणारा एकच पुर्जा म्हणजे तळहाताएवढा पंखा. तो थांबला की ठोकळा तापतो, त्याला लावलेला सेन्सर बोर्डाला खबर देतो आणि बोर्ड शेगडी बंद करतो. हा बिघाड नव्हे, पहारा आहे. मात्र हा इशारा दुर्लक्षून शेगडी पुन्हा पुन्हा चालवली, तर एक दिवस आयजीबीटी जळतो, फ्यूज उडतो आणि शंभर-सव्वाशेच्या पंख्यापायी खर्च कैक पटीने वाढतो.

खोलण्याआधी पाहावे

पहिली गोष्ट, शेगडी कशावर ठेवली आहे? हवा बहुधा तळातून आत येते. खाली वर्तमानपत्र, मेणकापड किंवा कापडाचा तुकडा पसरला की तो तळाला चिकटतो आणि पंखा चालू असूनही हवा मिळत नाही. शेगडी सपाट, कडक जागेवर ठेवावी आणि भिंतीपासून चार बोटे तरी दूर असावी. शेजारी गॅसची शेगडी पेटलेली नसावी. आपल्याकडे मे महिन्यात आत जाणारी हवाच तापलेली असते, म्हणून या खबरदारीचे मोल जास्त.

दुसरी गोष्ट आवाजाची. शेगडी चालू करताच बारीक घरघर ऐकू यावी आणि बाजूच्या जाळीजवळ हात धरला तर वारा लागावा. आवाज नाही किंवा खरखर होते, तर दोष पंख्याकडे आहे. आवाज व वारा दोन्ही ठीक असून शेगडी बंद पडते, तर शोध दुसरीकडे घ्यावा.

तिसरी गोष्ट आमच्या सवयीची. चहा झाला की आम्ही भिंतीवरचे बटण खट्कन बंद करीत होतो. पुष्कळ शेगड्यांत पंखा नंतरही थोडा वेळ फिरतो, कारण आतला ठोकळा अजून गरम असतो. आधी शेगडीचे बटण बंद करावे, पंखा थांबू द्यावा आणि मगच भिंतीवरचे.

काचेवरच्या आकड्यांवरून घाईने अंदाज करू नये. एका कंपनीत जो आकडा गरम झाल्याचा, तोच दुसरीत कमी व्होल्टेजचा असू शकतो. सोबत आलेली पुस्तिका पाहावी. वॉरंटी शिल्लक असेल तर सील तोडू नये, बिल घेऊन सर्व्हिस सेंटर गाठावे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

खोलताना

प्लग काढून निदान पाच-दहा मिनिटे थांबावे. आतील कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज साठलेली राहू शकते. वरचा भाग उचलताना झटका देऊ नये, कारण बटणांची पट्टी व वेटोळ्यातला सेन्सर बारीक तारांनी जोडलेले असतात. मग पाते बोटाने हलके फिरवावे.

पाते तंतूंत अडकले असेल तर चिमट्याने गुंता काढावा आणि मऊ ब्रशने पंखा, ठोकळ्याच्या खाचा आणि तळाची जाळी साफ करावी. हवेचा पंप मारायचा तर पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडले तर ते बेफाम फिरून खराब होते.

पाते जड फिरत असेल तर आतले तेल सुकले आहे. स्टिकरखाली शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब सोडल्यास पंखा सुरू होईल, पण हा इलाज थोड्या दिवसांचा. पंखा बदलणेच बरे.

पाते हलके फिरते, पण वीज दिल्यावर पंखा चालत नाही, तेव्हा आधी कनेक्टर सैल आहे का, तार तुटली आहे का हे पाहावे. पुढची तपासणी मीटरची आणि ती जाणकारानेच करावी. पंख्याला येणारा दाब जेमतेम १२ किंवा १८ व्होल्ट, म्हणून लोक बेफिकीर राहतात. परंतु पुष्कळ शेगड्यांत ही बाजू घरच्या विजेपासून अलग केलेली नसते. चालू शेगडीत ती बारीक तारही जीव घेऊ शकते. मीटरच्या पिना वीज बंद असतानाच अडकवाव्यात आणि वीज दिल्यावर हात दूर ठेवावा. दाब येतो आणि पंखा फिरत नाही, तर पंखा गेला. दाबच येत नाही, तर पंख्याला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर किंवा पुरवठ्याची बाजू तपासावी.

पंखा नीट फिरूनही शेगडी थांबत असेल, तर ठोकळा व आयजीबीटी यांच्यामधली पांढरी पेस्ट सुकली असेल किंवा सेन्सर खराब असेल.

नवा पंखा घेताना जुना सोबत न्यावा. माप, व्होल्ट आणि वाऱ्याची दिशा तिन्ही जुळली पाहिजेत. १८ व्होल्टच्या जागी १२ व्होल्टचा बसवला तर तो लवकरच जळेल. उलट बसवला तर वारा ठोकळ्यावर जाणार नाही.

एक गोष्ट करू नये

काही जण शेगडी थांबू नये म्हणून सेन्सर काढून त्या जागी दुसरा पुर्जा जोडून देतात. गिऱ्हाईक खूश होऊन जाते, पण त्याचा पहारेकरी काढून घेतलेला असतो. महिन्याभरात बोर्ड जळतो, कधी घरच्या तारांवरही बेतते. अशा कामाचे पैसे घेणे म्हणजे भेसळीचे सूत विकण्यासारखेच आहे.

आमची शेगडी भाच्याने साफ केली. पंखा तरीही जड फिरत होता म्हणून नवा आणून टाकला. जुना पंखा त्याने आमच्या हातात दिला आणि काय बदलले ते दाखवले. कारागिरांनी ही चाल जरूर ठेवावी. काढलेला पुर्जा परत मिळाला की गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरीकडे जात नाही.

आता शेगडी आम्ही थानांपासून दूर, फरशीच्या ओट्यावर ठेवली आहे. दर महिन्याला माल मोजायच्या दिवशी प्लग काढून तळाची जाळी ब्रशने झाडतो. काम पाच मिनिटांचे, खर्च काही नाही. आपल्या दुकानात किंवा कारखान्यात कापड, कापूस, लाकडाचा भुसा किंवा पिठाची धूळ असेल, तर आजच शेगडी उलटी करून एकदा जाळी पाहून घ्यावी.