हनुमानामागचं आभाळ काढताना

नांदुऱ्याची 105 फुटी हनुमान मूर्ती महामार्गावरून जाणारे कितीतरी जण मोबाइलमध्ये टिपतात. तोच फोटो बॅनरवर घ्यायचा तर मागचं आभाळ काढावं लागतं. याला 'कटिंग' म्हणतात खरं, पण सॉफ्टवेअर काहीच कापत नाही. ते फोटोवर करड्या छटांचा एक थर चढवतं, तोच मास्क. तो पांढरा असेल तिथे चित्र दिसतं, काळा असेल तिथे लपतं. 8 बिटच्या मास्कमध्ये 0 ते 255 अशा छटा असतात आणि खरं कसब मधल्या छटांचं आहे. कडेच्या एकाच पिक्सेलमध्ये मूर्ती आणि आभाळ दोन्हींचे रंग मिसळलेले असतात. तो पूर्ण ठेवला तर निळसर किनार उरते, पूर्ण काढला तर कड करवतीसारखी दातेरी होते.

मूर्ती पांढरी, त्यामुळे धुरकट आभाळात सॉफ्टवेअरला कड सापडत नाही. फोटो निरभ्र दिवशी, ऊन मूर्तीच्या तोंडावर असताना काढावा. मग फक्त लाल चॅनेल, म्हणजे फोटोतल्या लाल रंगाची करड्या छटांतली प्रत, उघडून पाहा: निळं आभाळ गडद होतं, मूर्ती उजळ राहते. कॉन्ट्रास्ट वाढवला की मास्क निम्मा तयार. सावलीतले भाग तेवढे ब्रशने हाताने भरा. ते एका क्लिकच्या भरवशावर सोडू नका.