राखीव पाणी म्हणजे शिल्लक पाणी नव्हे

इमारतीखालची अग्निशमन टाकी (फक्त आग विझवण्यासाठी राखलेला पाणीसाठा) ही जास्तीची टाकी आहे, असा समज सर्रास आढळतो. निळोणा, चापडोह धरणांवर भिस्त असलेल्या यवतमाळ परिसरात उन्हाळ्यात तो बळावणे स्वाभाविक आहे.

पण हे पाणी बियाण्यासाठी बाजूला काढलेल्या ज्वारीसारखे आहे. घरात दाणा नसला, तरी ती दळायची नसते.

बंब पाणी आणतोच, मग साठा कशाला? 4,500 लिटरच्या बंबाचा पंप मिनिटाला 2,250 लिटर फेकत असेल, तर पाणी दोन मिनिटांत संपते. पुढची लढाई इमारतीतल्या साठ्यावरच. साठलेले पाणी सडेल, ही शंका रास्त आहे. म्हणून नळाचे पाणी आधी या टाकीत घेऊन, ती भरल्यावर वापराच्या टाकीत वाहू देतात.

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडलाही हेच लागू. बंब टाकीपर्यंत पोचायला मात्र वाट हवी. राष्ट्रीय इमारत संहिता उंच इमारतींभोवती सहा मीटर रुंद, 45 टन भार पेलणारा रस्ता मागते. तिथे गाड्या किंवा मालाच्या गाठी लावू नका.

महाराष्ट्राच्या 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार टाकीसह सारी अग्निशमन यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची (जागा वापरणाऱ्याची) आहे.