गुन्ह्यांची पेढी आणि तिचा मालक

वर्गात अमेरिकेतील दारूबंदीचा काळ शिकवायला घेतला की मुले एकदम सावरून बसतात. कायद्यात त्यांना फारसा रस नसतो. त्यांना हव्या असतात गुंडांच्या गोष्टी. भारी मोटार, झकपक पोशाख आणि खिशात पिस्तूल, असा सिनेमातला गुंड त्यांना मोठा पराक्रमी वाटतो. आज अशाच एका गुंडाची हकीकत सांगतो. मात्र त्याच्या पिस्तुलाकडे न पाहता आपण त्याच्या जमाखर्चाकडे पाहू या.

साल्वातोरे लुकानिया हे त्याचे मूळ नाव. पुढे जगाने त्याला 'लकी' लुचियानो म्हणून ओळखले. सिसिली बेटावरील लेर्कारा फ्रिद्दी या गंधकाच्या खाणींच्या गावी १८९७ साली तो जन्मला. दारिद्र्याला कंटाळून आईबापांनी न्यूयॉर्क गाठले, तेव्हा हा पोर अजून लहान होता. शहराच्या लोअर ईस्ट साइड भागात इटालियन, ज्यू, आयरिश अशा परदेशी कुटुंबांची कोंदट घरांतून दाटी झालेली. शाळेत त्याचे मन रमले नाही. १९१६ मध्ये अफूपासून होणारे हेरॉईन विकताना तो पकडला गेला आणि तुरुंगात जाऊन आला.

आता पाहा, १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली. कायदा झाला, पण पिणाऱ्यांची तहान काही गेली नाही. सभ्य म्हणवणारे लोकच चोरून दारू विकत घेऊ लागले आणि कालचे भुरटे चोर लक्षाधीश झाले. इटालियन टोळ्यांचे जुने नायक परक्या जातीच्या माणसाला जवळ करीत नसत. लुचियानोने हे सोवळे मानले नाही. मायर लॅन्स्की हा ज्यू गुंड त्याचा जन्माचा भागीदार झाला.

१९३१ साली एप्रिलमध्ये जो मासेरिया आणि सप्टेंबरमध्ये साल्वातोरे मारान्झानो, असे दोन बडे नायक मारले गेले. दोन्ही खुनांमागे लुचियानोचा हात होता, असे इतिहासकार मानतात. मग हा राजा झाला का? नाही. खरी मेख इथेच आहे! न्यूयॉर्कमधील पाच टोळ्या आणि बाहेरच्या काही टोळ्या यांच्या प्रमुखांचे एक मंडळ उभे राहिले. त्याला 'कमिशन' म्हणत. टोळीटोळीतली भांडणे या मंडळापुढे यावीत, परस्पर गोळ्या झाडू नयेत, असा त्याचा शिरस्ता. रक्त सांडले की बोभाटा होतो, बोभाटा झाला की पोलीस येतात आणि धंदा बुडतो, इतका हा साधा व्यापारी विचार होता.

बरं, या पेढीत पैसा भरत होते कोण? प्रथम त्यांचेच देशबांधव. इंग्रजी न येणारा, पोलिसांना बिचकणारा दुकानदार 'संरक्षणा'चा हप्ता देई. गोदीतला मजूर काम मिळावे म्हणून मजुरीतला वाटा मुकादमाला काढून देई. लुचियानो मात्र वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरियासारख्या आलिशान हॉटेलात खोट्या नावाने राहत होता.

त्याला पकडले ते कोणा पिस्तूलबाज शिपायाने नव्हे. सरकारी वकील थॉमस ड्यूई यांच्या कचेरीत युनिस कार्टर या कृष्णवर्णीय वकील बाई काम करीत. वेश्याव्यवसायाचे खटले चाळताना त्यांच्या ध्यानात आले की, आरोपी बायका निरनिराळ्या, पण वकील तेच आणि जामीनदारही तेच. म्हणजे या सगळ्यांच्या मागे एकच पेढी असली पाहिजे! १९३६ च्या फेब्रुवारीत कुंटणखान्यांवर एकाच वेळी छापे पडले. ज्या बायकांना समाजात कोणी विचारत नव्हते, त्यांनी कोर्टात उभे राहून साक्षी दिल्या. जूनमध्ये लुचियानो ६२ आरोपांवर दोषी ठरला. शिक्षा झाली ३० ते ५० वर्षांची. काही साक्षीदार बायकांनी पुढे जबाब फिरवले, त्याचा यात स्वतःचा हात किती यावरही वाद झाला, पण वरच्या कोर्टात शिक्षा कायम राहिली.

पुढची गोष्ट मात्र मान खाली घालायला लावणारी आहे. दुसऱ्या महायुद्धात बंदरांत शत्रूचे हस्तक शिरू नयेत म्हणून अमेरिकी आरमाराने गोदीतल्या गुंडांची मदत मागितली आणि त्यासाठी तुरुंगातल्या लुचियानोशी संधान बांधले. त्याचा उपयोग नेमका किती झाला, यावर मतभेद आहेत. पण १९४६ साली, गव्हर्नर झालेल्या त्याच ड्यूईंनी शिक्षा कमी करून त्याला सोडले. अट एकच: अमेरिका सोडायची. त्याने नागरिकत्व कधी घेतलेच नव्हते. त्याची रवानगी इटलीला झाली. त्याच वर्षी तो क्यूबात जाऊन पोचला, पण अमेरिकेच्या दडपणामुळे १९४७ साली तेथूनही त्याला परत पाठवण्यात आले.

२६ जानेवारी १९६२ रोजी नेपल्सच्या विमानतळावर हृदयविकाराने तो गेला. तिथे तो कशासाठी आला होता, ठाऊक आहे? त्याच्या आयुष्यावर चित्रपट काढू पाहणाऱ्या निर्मात्याला भेटायला! जिवंतपणी ज्या देशाने त्याला पाऊल ठेवू दिले नाही, त्याच देशात, न्यूयॉर्कला, त्याचे दफन झाले.

माझ्या विद्यार्थ्यांना लुचियानोचे नाव पाठ असते. युनिस कार्टर कोण, हे विचारले तर वर्गात सामसूम होते. म्हणून हल्ली मी ही गोष्ट शिकवताना सुरुवात त्या बाईंपासून आणि त्यांच्या टेबलावरच्या कागदांपासून करतो.