अपघातानंतरची पहिली दहा मिनिटे

आपल्या शिरूर-दौंड भागात शर्यत म्हटली की प्रथम बैलगाडा डोळ्यांसमोर येतो. घाटात धुरळा उडतो आणि निकाल सेकंदांवर लागतो. त्यापुढे मोटारींच्या शर्यतीत लोक एवढे काय पाहतात, हे कोडे मला कधी सुटले नव्हते. गेल्या पंधरवड्यात मुलगा सुट्टीवर घरी आला होता. रविवारी दवाखाना बंद, तेव्हा त्याने आग्रहाने टीव्हीवर एक माहितीपट लावला. नाव 'सेन्ना'. ते ऐकून आमच्या सौभाग्यवतींना वाटले, निवडणुकीचा काही कार्यक्रम असावा, आणि त्या स्वयंपाकघरातच थांबल्या. प्रत्यक्षात हा २०१० सालचा माहितीपट ब्राझीलचा जगप्रसिद्ध मोटार शर्यतपटू आयर्टन सेन्ना याच्यावर आहे. आसिफ कपाडिया यांनी तो जुन्या चित्रफिती जोडून केला आहे.

सेन्ना तीन वेळा जगज्जेता झाला. १९८८, १९९० आणि १९९१ साली. १ मे १९९४ रोजी इटलीतील इमोला येथे शर्यतीच्या सातव्या फेरीत त्याची गाडी वळणावर सरळ जाऊन भिंतीवर आदळली. वय अवघे ३४. आदल्याच दिवशी त्याच ठिकाणी रॅटझेनबर्गर नावाचा ऑस्ट्रियाचा चालक मरण पावला होता. सेन्नाचे हातपाय शाबूत होते, परंतु चाकाजवळचा एक लोखंडी तुकडा हेल्मेट भेदून डोक्यात शिरला होता.

मुलगा गाड्या पाहत होता. माझे लक्ष मात्र पांढऱ्या केसांच्या एका गृहस्थाकडे होते. ते डॉक्टर सिड वॉटकिन्स, लंडनचे मेंदूशल्यविशारद आणि शर्यतींचे मुख्य वैद्यकीय अधिकारी. सेन्नाशी त्यांची घरोब्याची मैत्री. रॅटझेनबर्गर गेल्यावर त्यांनी सेन्नाला सांगितले होते की आता हे सोडून दे, आपण दोघे मासे पकडायला जाऊ. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी त्याचा गळा उघडून श्वासनळीत नळी घालण्याची वेळ त्यांच्यावरच आली. आपल्या माणसावर उपचार करताना हात कसे जड होतात, हे गावात डॉक्टरकी करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

वॉटकिन्स या कामावर आले १९७८ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोंझा येथे शर्यत सुरू होताच अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. रॉनी पीटरसन या स्वीडिश चालकाचे पाय मोडले. तो शुद्धीवर होता. पण पोलिसांच्या कड्यामुळे खुद्द डॉक्टरांनाच त्याच्यापर्यंत पोहोचता येईना, आणि रुग्णवाहिका यायलाही फार वेळ गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पीटरसन वारला. पाय मोडून माणूस मरतो कसा, असे आपल्याला वाटेल. मोठ्या हाडांच्या पोकळीत चरबीयुक्त मगज असतो. हाड मोडले की त्या चरबीचे कण रक्तात मिसळून फुप्फुसात, मूत्रपिंडात आणि मेंदूत अडकू शकतात. शिवाय एकट्या मांडीत लिटर-दीड लिटर रक्त साचते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणून मोडलेला पाय हलू न देणे, दुसऱ्या पायाला किंवा काठीला पंचाने बांधून ठेवणे, हे वेदनेपुरते नसून जिवासाठी असते.

त्या मृत्यूनंतर वॉटकिन्स हट्टाला पेटले. पहिल्या फेरीत शर्यतीच्या गाड्यांमागोमाग डॉक्टरांची गाडी धावली पाहिजे, भूलतज्ज्ञ जागेवर हवा, हेलिकॉप्टर तयार हवे. हे त्यांनी मिळवले. १९९४ नंतर गाड्या, भिंती आणि हेल्मेट यांतही पुष्कळ सुधारणा झाल्या. पुढे वीस वर्षे या सर्वोच्च स्पर्धेत एकही चालक दगावला नाही.

परंतु सेन्नाच्या आयुष्यातील मला सर्वात मोलाचा वाटला तो १९९२ सालचा एक प्रसंग. बेल्जियममध्ये सरावाच्या वेळी एरिक कोमास हा फ्रेंच चालक जोरात आदळून बेशुद्ध पडला. त्याचा पाय तसाच दाबलेला राहिल्याने इंजिन किंचाळत होते. मागून आलेला सेन्ना रस्त्यातच गाडी थांबवून उतरला आणि धावत गेला. त्याने आधी कोमासचे इंजिन बंद केले, आणि मग दोन्ही हातांनी त्याचे डोके स्थिर धरून डॉक्टर येईपर्यंत तसाच थांबला. बाहेर ओढले नाही, हलवले नाही, तोंडावर पाणी मारले नाही. हे त्याने वॉटकिन्स यांच्या सहवासात शिकून घेतले असणार, असे माझे मत.

आता आपल्या रस्त्याकडे पाहू. शिरूरहून न्हावरा-चौफुलामार्गे दौंडकडे माझे नेहमी जाणे-येणे असते. उसाच्या हंगामात अंधारात दिवा नसलेली ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसते. काही वर्षांपूर्वी कारखान्याची रात्रपाळी संपवून निघालेला एक तरुण मोटारसायकलसह अशाच ट्रॉलीवर मागून आदळला. लोक धावले. आपल्याकडची माणसे अशा वेळी धावतात, ही मोठी गोष्ट आहे. चौघांनी हातापायांना धरून त्याला उचलले आणि पिकअपमध्ये टाकले. मान मागे लोंबत होती. मानेचा मणका मोडला होता. आज तो चाकाच्या खुर्चीत आहे. उचलण्याआधी त्याचे पाय हलत होते, असे त्याच्या मित्राने मला सांगितले. मज्जारज्जूला इजा धडकेने किती झाली आणि उचलण्याने किती, हे आता कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मित्र मात्र ते विसरू शकत नाही.

मज्जारज्जू करंगळीएवढा जाड आणि लोण्यासारखा मऊ असतो. मोडलेल्या मणक्याची धार त्यात रुतायला एक हिसका पुरतो. तेव्हा अपघात दिसला तर आधी एकाने बॅटरी घेऊन मागे शंभर पावले जावे आणि वाहने थांबवावीत. गाडीची किल्ली बंद करावी. कोणीतरी १०८ ला फोन करावा. २०१४ पासून राज्यात ही सेवा आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. मग एकाने जखमीच्या डोक्यामागे गुडघे टेकून दोन्ही तळवे कानांवर ठेवावेत आणि डोके धडाच्या रेषेत स्थिर धरावे. खाली उशी नको. 'मान हलवू नकोस, तोंडाने बोल' असे त्याला सांगावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. हळद, चहापूड, माती काही भरू नये.

घशात घरघर होत असेल तर जीभ मागे पडली आहे असे समजा. मान न वाकवता, जबड्याच्या कोपऱ्यामागे बोटे ठेवून जबडा पुढे ढकला. श्वास बंद झाल्यास चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, म्हणून मानेपेक्षाही श्वास आधी. उलटी होऊ लागली तर तिघाचौघांनी लाकडाचा ओंडका वळवावा तसे डोके, खांदे आणि कंबर एकदम कुशीवर वळवावे. हेल्मेट असेल आणि श्वास नीट चालू असेल तर ते काढू नका. काढावेच लागले तर दोघे हवेत, एक मान धरणारा आणि एक हेल्मेट सोडवणारा. पेट घेण्याची भीती नसेल तर मोटारीत अडकलेल्याला ओढू नका. रुग्णवाहिका येणे शक्यच नसेल तर दार किंवा फळी वापरा. बाज नको, ती झोळीसारखी खोल असते आणि पाठ वाकते.

पोलिसांच्या लचांडाची भीती अजून ऐकू येते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. जखमीवर तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे तर न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले होते.

एका धाब्याच्या मालकांनी हे सारे ऐकून मला विचारले, "डॉक्टरसाहेब, मग पाणी तरी पाजायचे ना?" नाही. अर्धवट शुद्धीतील माणसाचे पाणी फुप्फुसात जाते, आणि शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची असेल तर भरलेले पोट घातक ठरते. ओठ ओले करा, तेवढे पुरे.

आणि जो उठून उभा राहिला, कपडे झटकले, 'काही झाले नाही' म्हणून चहा प्यायला, त्याच्यावरही नजर ठेवा. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये हळूहळू रक्त साचते तेव्हा माणूस तास-दोन तास, कधी त्याहून अधिक वेळ ठणठणीत बोलतो आणि मग झोपेला आल्यासारखा होतो. दारूचा वास येत असेल तर घरचे म्हणतात, झोपू द्या. डोके वाढत्या प्रमाणात दुखणे, पुन्हा पुन्हा उलटी, असंबद्ध बोलणे, एका डोळ्याची बाहुली मोठी, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, यांपैकी एक जरी दिसले तरी सकाळची वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तरी पहिल्या रात्री दर दोन तासांनी उठवा आणि त्याला स्वतःचे नाव व गाव विचारा.