वटवाघळांचा रोग आणि गुहेचा जमाखर्च

चांदूर रेल्वेसारख्या गावात वटवाघळे पाहण्यासाठी डोंगरातली गुहा शोधावी लागत नाही. पडका वाडा, जुन्या देवळाचा काळोखा गाभारा, वापरात नसलेली विहीर या त्यांच्या गुहाच होत. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा भीतीपोटी आमच्याकडे अशाच एका पडक्या वाड्यातील वटवाघळांना लोकांनी धूर करून हुसकावले. महाविद्यालय पुन्हा सुरू झाल्यावर एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, ती आता कमी झाली आहेत का?” मी म्हणालो, “कमी वाटतात खरी.” तिने लगेच विचारले, “पण आधी किती होती?”

मी निरुत्तर झालो. मोजल्यावाचून विधान करू नये, असे मी पदार्थविज्ञानाच्या तासाला दरवर्षी सांगतो. पण रोज संध्याकाळी डोक्यावरून जाणारी ही वटवाघळे मी एकदाही मोजली नव्हती. ‘आधी किती होती?’ हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे अमेरिकेतील गुहांच्या उदाहरणावरून पाहू.

पांढऱ्या नाकाचा रोग

फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत टिपलेल्या छायाचित्रात वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. पुढच्या हिवाळ्यात आसपासच्या गुहांमध्ये हजारो वटवाघळे मरून पडलेली आढळली. या रोगाला ‘व्हाइट-नोज सिंड्रोम’, म्हणजे पांढऱ्या नाकाचा रोग, असे नाव मिळाले. तो एका बुरशीमुळे होतो, हे २०११ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. ही बुरशी युरोपातील वटवाघळांवरही आढळते. पण तेथे अशी मोठी मर अनुभवास आलेली नाही.

बुरशी त्वचेवर वाढते, मग वटवाघूळ मरते कशाने? याचे उत्तर ऊर्जेच्या हिशेबात आहे. थंड प्रदेशात हिवाळ्यात किडे मिळत नाहीत. म्हणून तेथील वटवाघळे शरद ऋतूत अंगात चरबी साठवतात आणि गुहेत दीर्घ निद्रा घेतात. या निद्रेत शरीराचे तापमान गुहेच्या तापमानाच्या जवळपास उतरते व खर्च अगदी थोडा होतो. मात्र अधूनमधून ती जागी होतात, शरीर पुन्हा तापवतात, आणि बहुतेक चरबी याच जागरणांत खर्च होते.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चरबी १०० एकके, हिवाळा १८० दिवसांचा. दर १५ दिवसांनी एक, अशी १२ जागरणे. प्रत्येकी ७ एकके, म्हणजे ८४ एकके खर्च. उरलेली १६ एकके झोपेला पुरतात. वसंत ऋतू येईपर्यंत हिशेब बरोबर जुळतो. आता बुरशीच्या त्रासाने वटवाघूळ दुप्पट वेळा, म्हणजे दर साडेसात दिवसांनी, जागे होऊ लागले. तर साठा साधारण ९८ दिवसांतच संपेल! बाहेर बर्फ आहे, किडे नाहीत. भुकेले वटवाघूळ भर थंडीत बाहेर पडते आणि मरते.

गुहा कशावर जगते?

हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करतात. खोल गुहेत प्रकाशच नाही, म्हणून अन्न बाहेरूनच यावे लागते. काही पाण्याबरोबर वाहत येते. पण अनेक गुहांत मोठा पुरवठा वटवाघळे करतात. रात्री शेतावरचे किडे खायचे आणि दिवसा गुहेत विष्ठा टाकायची, हा त्यांचा नित्यक्रम. या विष्ठेवर जिवाणू व बुरशी वाढतात. त्यांवर कोळीवर्गीय सूक्ष्म किडे, झुरळे व भुंगेरे जगतात, आणि त्यांना खायला कोळी व गोम येतात. वटवाघूळ म्हणजे गुहेचा कमावता माणूस. तोच अंथरुणाला खिळला तर सारे घर उपाशी!

मात्र हा फटका सर्वत्र सारखा बसणार नाही. निद्रेतील वटवाघूळ काही खात नाही, त्यामुळे नुसत्या हिवाळी मुक्कामाच्या गुहेत विष्ठा थोडीच पडते. जेथे ती उन्हाळाभर राहतात, तेथे ढीग साचतात. म्हणून प्रत्येक गुहेचा जमाखर्च स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

तपासणी कशी करतात?

हिवाळ्यात मोजकीच माणसे आत जाऊन छायाचित्रांवरून गणती करतात. फार वर्दळ झाली तर जागरणे आपणच वाढवू! उन्हाळ्यात तोंडाशी अवरक्त किरणांचे कॅमेरे व अतिध्वनी टिपणारी यंत्रे ठेवतात. पंखावर विशिष्ट जंबुपार प्रकाश टाकला की रोगट भाग पिवळसर-नारिंगी चमकतो, त्यामुळे इजा न करता रोग ओळखता येतो. तापमान व आर्द्रता नोंदणारी छोटी उपकरणे वर्षभर आत ठेवता येतात. विष्ठा किती पडते आणि तिच्यावर कोणते किडे जगतात, हेही पाहता येते. बुरशीचे बीजाणू बुटांना व कपड्यांना चिकटून दुसऱ्या गुहेत जाऊ शकतात, म्हणून सामान गरम पाण्याने वा औषधाने निर्जंतुक करतात.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०० हून अधिक ठिकाणांच्या १९९५ ते २०१८ या काळातील नोंदी एकत्र केल्या गेल्या. त्यातून दिसले, की तीन जातींची संख्या दहा वर्षांच्या आत ९० टक्क्यांहून अधिक घटली. रोग दिसला २००६ साली. नोंदी होत्या १९९५ पासूनच्या. रोगाची चाहूलही नसताना कुणीतरी मोजत होते, म्हणूनच हा आकडा सांगता आला.

आपल्या गुहा

हा रोग वऱ्हाडात येईल का? येथे पदार्थविज्ञान मदतीस येते. खडक उष्णतेचा मंद वाहक आहे. दिवसरात्रीचा चढउतार खडकात हातभर खोल जाईपर्यंत जवळजवळ विरतो, आणि ऋतूंचा दहा-बारा मीटरपर्यंत. त्यामुळे खोल गुहेचे तापमान बाहेरच्या वार्षिक सरासरीइतके राहते. अमरावतीकडे ती सुमारे २७ अंश सेल्सिअस आहे. ही बुरशी १२ ते १६ अंशांत उत्तम वाढते व २० अंशांच्या सुमारास तिची वाढ थांबते. आमची ऊनच या बाबतीत आमची राखण करते!

पण म्हणून निश्चिंत राहू नये. वटवाघळे रोगाने जावोत, सुरुंगाने जावोत वा धुराने. गुहेचा पुरवठा तुटतोच. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महाबळेश्वर येथील गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले. काहींमध्ये निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे त्या विषाणूशी पूर्वी गाठ पडल्याची खूण, आढळली. अशा बातमीवर योग्य उपाय म्हणजे अंतर राखणे, उष्टी फळे न खाणे आणि तपासणी चालू ठेवणे. हुसकावलेली वटवाघळे दुसरीकडे, कदाचित आपल्याच घराजवळ, जातात. बेळगाव जिल्ह्यातील बारापेडे गुहांत राहणारे ‘रॉटन’चे वटवाघूळ १९१३ पासून शास्त्राला ठाऊक आहे, आणि कित्येक दशके त्याचे तेवढेच एक घर माहीत होते. असे घर एका दिवसाच्या धुराने उठले असते तर?

तुम्ही काय कराल?

आपल्या गावातील एक ठिकाण निवडा. आत जाऊ नका, वटवाघळाला हात लावू नका. विष्ठेच्या धुळीनेही आजार होऊ शकतो. शिक्षकांसह सूर्यास्ताच्या वेळी बाहेर, थोड्या अंतरावर बसा. अर्ध्या तासात किती बाहेर पडली ते दोघांनी वेगवेगळे मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. तारीख, वेळ, तापमान, पाऊस यांचीही नोंद करा. महिन्यातून एकदा, वर्षभर.

आमच्या त्या वाड्यासमोर आम्ही आता असेच बसतो. पहिल्या संध्याकाळी त्या विद्यार्थिनीने ४३ मोजली, मी ३९. वहीत दोन्ही आकडे आहेत. ‘आधी किती होती?’ असे पुढे कुणी विचारले, तर निदान त्या संध्याकाळपासूनचे उत्तर देता येईल.