300 कोटींचा मसाला

मोझरीच्या एका बचतगटात काळ्या मसाल्याला बायका '300 कोटी' म्हणतात, हे ऐकलं आणि तिकडे गेले. हे गाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. 1935 साली त्यांनी इथं गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या ग्रामगीतेत श्रमसंपत्ती आणि महिलोन्नती या विषयांवर वेगवेगळे अध्याय आहेत. त्याच गावात, टिनाच्या छपराखाली पाच-सहा बायका मिरची भाजत होत्या आणि एका मालिकेची चिरफाड करत होत्या.

मालिका 'माझ्या नवऱ्याची बायको'. 2016 ते 2021 अशी ती चालली. नागपूरची राधिका नवऱ्यानं फसवल्यावर मसाले करायला लागते आणि बघता बघता 300 कोटींच्या कंपनीची मालकीण होते. त्या आकड्यावर महाराष्ट्रभर विनोद झाले. इथं मात्र विनोदाला हिशेब आहे.

देठं खुडणं, धने निवडणं, दळणं, पाकिटं बांधणं ही सरळ कामं. खरी परीक्षा भाजण्याची. कढईत जरासं तेल, मंद आच आणि सराटा सतत फिरता. मिरची काळपट होऊ लागली की एका क्षणात धूर घशात शिरतो. मी तीनदा बाहेर पळाले. परतणारी बाई पदर नाकाला बांधून जागेवरच, कारण एक मूठ करपली तर सगळा घाणा कडू.

"ते राधिका एवढा मसाला करते, तं तिच्या घरी कोनाले ठसका काहून येत नाई वं?" तिनं विचारलं. सगळ्या खोकत हसल्या. टीव्हीवरच्या श्रमांवर इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

मग हिशेब निघाला. किलोला 600 रुपये धरले तरी 300 कोटींसाठी 50 लाख किलो मसाला विकायला हवा. यांचा दिवसाला 20 किलो होतो, तोही लाईन असली तर. म्हणजे 680 वर्षांच्या वर. "इतले जल्म कुठून आनू बाप्पा!"

तरी राधिकेवर त्यांचा जीव आहे. इथून एसटीत बसलं की तिचं नागपूर. आपल्यासारखं बोलणारी, कष्ट करणारी बाई रोज टीव्हीवर दिसायची, याचं त्यांना अप्रूप होतं आणि ते मला पटतं. वऱ्हाडी बोली बहुतेक वेळा हसवण्यापुरतीच वापरली जाते. इथं ती बोलणारी बाई नायिका होती. पण कान तिखट. "बोलनं शिकेल हाये तिचं, समजते," एक म्हणाली. राधिका साकारणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, हे तिला ठाऊक नव्हतं. अभिनेते भारत गणेशपुरे अमरावतीकडचे; त्यांच्या बोलीला मात्र सगळ्यांनी एकमतानं पास केलं.

मालिकेत काय हवं होतं, असं मी विचारलं. सराटा न थांबवता परतणारी म्हणाली, "पयला किलो कोनं घेतला, थे दाखवा म्हना. मंग 300 कोटी दाखवा."

तुमचा कुणी घेतला?

"शाळेतल्या मास्तरीनबाईनं. अन् पैसे देले पोळ्याले!"